नऊ मीटर रुंद रस्ता: वेग उतरवण्याच्या कामाच्या नोंदी

११ जानेवारी

काल संध्याकाळी बागेच्या फाटकासमोर एका मुलाची सायकल गाडीखाली गेली. मूल एक पाऊल मागे होतं म्हणून वाचलं. सायकलचं पुढचं चाक मात्र पार दुमडलं. गाडी चालवणारा उतरला तेव्हा त्याचे हात थरथरत होते. तो याच वस्तीतला, दोन इमारती सोडून राहणारा.

आज सकाळी त्याच फाटकापाशी सतरा जण जमलो. प्रत्येकाच्या तोंडी एकच मागणी: स्पीडब्रेकर टाका, आजच टाका. राग रास्त होता. पण कुठे, किती आणि केवढा उंच, यावर दहा मिनिटांत फाटे फुटले. ‘ऐंशीने जातात गाड्या,’ असं एक काका म्हणाले. दुसरे म्हणाले, ‘छे, चाळीसच्या वर नसतील.’ खरा आकडा कोणालाच माहीत नव्हता. शेवटी ठरलं की दोन आठवडे कोणाकडे काही मागायचं नाही, फक्त मोजायचं. नोंदी ठेवायचं काम मी अंगावर घेतलं आहे.

रस्ता असा आहे: लांबी ४२० मीटर, कडेपासून कडेपर्यंत रुंदी ९ मीटर, दोन्ही टोकांना मोठे रस्ते, मधे एक चौक आणि चौकाच्या थोडं अलीकडे बागेचं फाटक. गाड्या एकाच बाजूला लागतात, दुसरी बाजू मोकळी. सरळसोट. फाटकासमोर रस्ता ओलांडायला तळमजल्यावरच्या आजींना अकरा सेकंद लागले. मी दोनदा मोजले.

१८ जानेवारी

मोजायची पद्धत पक्की झाली. टेपने ५० मीटर अंतर मोजून दोन्ही टोकांना फक्कीची रेघ मारली. पुढचं चाक पहिल्या रेघेला लागलं की घड्याळ चालू, दुसऱ्या रेघेला लागलं की बंद. १८० ला त्या सेकंदांनी भागलं की ताशी किलोमीटर मिळतात. सहा सेकंद म्हणजे ३०, साडेचार म्हणजे ४०, ३.६ म्हणजे ५०. आठवीतल्या दोन मुलींनी हे कोष्टक पुठ्ठ्यावर लिहून आणलं, त्यामुळे भागाकाराची कटकट वाचली.

दोन गोष्टी चुकत चुकत कळल्या. पहिली: घड्याळ घेऊन कडेला उभं राहिलं की गाडीवाले आपोआप सावकाश होतात. म्हणून आता उभ्या गाडीत बसून मोजतो. दुसरी: हात चालायला होणारा उशीर. ३.६ सेकंदांत ०.२ ची चूक झाली तर ५० ची गाडी ४७ किंवा ५३ ची दिसते. म्हणून प्रत्येक पाळीला एकच माणूस दोन्ही रेघा बघतो; त्याचा उशीर निदान दोन्हीकडे सारखा राहतो.

२७ जानेवारी

तीनशे गाड्या मोजून झाल्या. सरासरी काढायचा मोह आवरला, कारण सरासरीत सावकाश जाणारे भरधाव जाणाऱ्यांना झाकून टाकतात. रस्त्यांची कामं करणारे वापरतात तो आकडा काढला: सगळे वेग चढत्या क्रमाने लावायचे आणि शंभरातला पंच्याऐंशिवा बघायचा. तो ४६ निघाला. म्हणजे दर सात गाड्यांमागे एक ४६ च्या वर. रात्री दहानंतर हाच आकडा ५३. ऐंशीची एकही गाडी सापडली नाही. काकांनी ते मोकळ्या मनाने मान्य केलं.

आरपार जाणाऱ्या गाड्या वेगळ्या मोजल्या. दोन्ही टोकांना एकेक जण बसला आणि गाडीच्या क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे व वेळ लिहून घेतली. एका टोकाला आत आलेली गाडी दोन मिनिटांच्या आत दुसऱ्या टोकाला बाहेर पडली, तर तिचं इथे काहीच काम नव्हतं. सकाळच्या गर्दीत दहातल्या सहा गाड्या अशा. मोठ्या रस्त्यावरचा सिग्नल चुकवायला आमची गल्ली वापरतात.

पण रात्रीच्या भरधाव गाड्या बहुतेक आत येऊन इथेच थांबत होत्या. म्हणजे आपल्याच. हे वाचून दाखवलं तेव्हा बैठकीत बराच वेळ कोणी बोललं नाही. क्रमांकांचे कागद जुळणी झाल्यावर सर्वांसमोर फाडून टाकले. कोणाचं नाव पुढे आलं असतं तर काम तिथेच थांबलं असतं आणि शेजारधर्म कायमचा बिघडला असता.

३ फेब्रुवारी

‘वेगमर्यादा ताशी तीसच का? चाळीस का नको?’ हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो, म्हणून आज तो रस्त्यावरच मांडला.

धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद धरला, रस्ता कोरडा धरला. तीसची गाडी त्या एका सेकंदात ८ मीटर जाते आणि पुढच्या ५ मीटरमध्ये थांबते. एकूण १३. पन्नासची गाडी त्या सेकंदातच १४ मीटर जाते, आणि थांबायला आणखी १४ घेते. फाटकापासून मागे मोजून आम्ही खडूने रेघा काढल्या, एक तेरावर, एक अठ्ठाविसावर. तेराच्या रेघेवर उभं राहून फाटकाकडे बघितलं की सगळं समजतं. जिथे तीसची गाडी पूर्ण उभी असते, तिथे पन्नासवाल्याचा पाय अजून ब्रेकवर पोचलेलाही नसतो. तो पुऱ्या पन्नासने आदळतो. आणि धक्क्यातली ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्याने ती जवळजवळ तिप्पट असते.

सायकलच्या अपघातातून वाचलेला मुलगा त्या दोन रेघांमधलं अंतर पावलांनी मोजत होता. त्याची एकवीस पावलं भरली.

तीसचा आकडा आमच्या मनचा नाही. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहराने १९९२ मध्ये मोठे रस्ते सोडून सगळीकडे ताशी ३० लागू केले. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोमला रस्ते सुरक्षेवर जागतिक मंत्री परिषद झाली, तिच्या जाहीरनाम्यातही माणसं आणि वाहनं एकत्र वावरतात तिथे ३० हीच मर्यादा आहे.

१२ फेब्रुवारी

आजचं काम मला स्वतःला सगळ्यात मोलाचं वाटतं.

नगररचनेचे अभ्यासक डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोत शेजारशेजारच्या तीन रस्त्यांचा अभ्यास केला होता. घरं साधारण सारखी, फरक वाहनांचा: एका रस्त्यावर दिवसाला सुमारे २,०००, दुसऱ्यावर ८,०००, तिसऱ्यावर १६,०००. कमी वर्दळीच्या रस्त्यावर राहणाऱ्याला त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते, जास्त वर्दळीच्या रस्त्यावर एकही पुरता नाही, ०.९. कोण कोणाकडे जातं हे त्यांनी नकाशावर रेघांनी दाखवलं. हा माणूस १९८२ मध्ये अथेन्समध्ये भरधाव गाडीखाली सापडून गेला. हे वाचल्यापासून ते डोक्यातून जात नाही.

आम्ही तेच केलं. रस्त्याचा मोठा नकाशा फाटकाजवळच्या बाकावर पसरला आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं: ‘तुमच्या घरापासून, ज्यांच्याकडे तुम्ही न विचारता जाऊ शकता अशा घरांपर्यंत रेघा ओढा.’ चाळीस-एक जणांनी ओढल्या. निळ्या शाईच्या रेघांचं दाट जाळं झालं, पण दोन जाळी झाली, एक या कडेला, एक त्या कडेला. मधला रस्ता जवळजवळ कोरा. अख्ख्या नकाशात रस्ता ओलांडणाऱ्या रेघा मोजून नऊ. एक आजी समोरच्या इमारतीवर बोट ठेवून म्हणाल्या, ‘इथे कोण राहतं गं आता?’ त्या या रस्त्यावर एकतीस वर्षं राहतात.

नकाशा गुंडाळून जपून ठेवला आहे.

२० फेब्रुवारी

रस्ते विभागातल्या अभियंत्यांना भेटलो. वेगमर्यादेची पाटी लगेच लावू म्हणाले. पाटी हवीच, पण नुसत्या पाटीने वेग उतरत नाही. रुंद आणि सरळ रस्त्यावर पाय आपोआप दाबला जातो, पाटी काहीही म्हणो. गतिरोधकांना मात्र त्यांनी साफ नकार दिला: रुग्णवाहिका, अग्निशमन, पाठदुखीच्या तक्रारी. मी वाद घालायच्या तयारीने गेले होते, पण त्यांचं बरंचसं म्हणणं पटलं.

आपण गल्लोगल्ली पाहतो तो अरुंद आणि टोकदार डांबरी ढीग हा सगळ्यात वाईट प्रकार. हळू येणाऱ्याला तो दणका देतो आणि जोरात येणाऱ्याची चाकं वरखाली होऊन निघून जातात, धक्का स्प्रिंगच गिळून टाकते. म्हणजे शिक्षा नेमकी सावकाश जाणाऱ्याला. ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला वॉट्स यांनी यावर प्रयोग केले आणि लांबट, गोलाई असलेला उंचवटा सुचवला: प्रवासाच्या दिशेने ३.७ मीटर लांब, उंची जास्तीत जास्त १० सेंटिमीटर. त्यावरून अख्खी गाडी उचलली जाते, म्हणून वेग वाढला की धक्काही वाढतो. तरी अग्निशमनाचा प्रश्न राहतोच. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराने नव्वदच्या दशकात मोजलं तेव्हा बंबाला एकेका उंचवट्यामागे, गाडीच्या प्रकारानुसार, काहीच नाही ते नऊ-एक सेकंद उशीर झाला. चार उंचवटे ओळीने आले तर तो अर्ध्या मिनिटावर जाऊ शकतो, आणि हृदय थांबलेल्या माणसाला अर्धं मिनिट फार असतं.

मधला मार्ग निघाला. उंचवटे कमीत कमी, तेही तुकड्यांचे, म्हणजे सुमारे पावणेदोन मीटर रुंद गादीसारखे. बस आणि बंबाची चाकं दोन्ही बाजूंनी निसटतात, छोट्या गाडीला मात्र निदान एक चाक चढवावंच लागतं. बाकी वेग उतरवायचा तो रस्ता अरुंद करून, कोपरे आत ओढून आणि सरळ रेघ मोडून. सहा आठवडे तात्पुरती चाचणी करायला परवानगी मिळाली. अटी तीन: कुठेही ३.५ मीटरपेक्षा कमी वाट नको, रात्री चमकणाऱ्या पट्ट्या हव्यात, गटाराची तोंडं झाकायची नाहीत.

६ मार्च

सकाळी सहापासून रस्त्यावर. आराखडा कागदावरून थेट डांबरावर उतरवला, फक्कीने, खऱ्या मापात.

कोपऱ्यांचं गणित साधं आहे. वळणाची त्रिज्या चौपट केली की गाडी आरामात दुप्पट वेगाने वळते. आमच्या चौकातले कोपरे एवढे गोलसर आहेत की वळणारा ब्रेकला हातही लावत नाही. ते टोकदार करायचे, शिवाय कोपऱ्यापासून सहा मीटरपर्यंत गाडी लावू द्यायची नाही, म्हणजे ओलांडणारा आणि चालवणारा एकमेकांना दिसतात. न्यू जर्सीतल्या होबोकेन या साठ हजार वस्तीच्या शहराने कोपरे असे मोकळे करण्यावर सातत्याने भर दिला. २०१७ पासून पुढची सलग सात वर्षं तिथे रस्त्यावर एकही मृत्यू झाला नाही. एकट्या कोपऱ्यांमुळे नसेल, पण त्यांचा वाटा मोठा.

मग कचऱ्याची गाडी आली. चालकदादांना विनंती केली की नेहमीसारखे वळा, आमच्या रेघांकडे बघू नका. ते वळले. पुढची चाकं रेघेच्या बाहेरून गेली, मागची मात्र फक्कीतून सरळ चालून गेली आणि पांढऱ्या पुडीत टायरची नक्षी उमटली, आमच्या रेघेपासून पाऊण मीटर आत. कागदावर हे कधीच दिसलं नसतं. चालकदादा खाली उतरले, ठसा पाहिला आणि म्हणाले, ‘ताई, तुमची कुंडी मी पहिल्याच दिवशी फोडली असती.’ त्यांच्याच हातात फक्की दिली. तो कोपरा त्यांनी स्वतः आखून दिला, आणि तो आम्ही आखला होता त्यापेक्षा जरासाच सैल आहे.

अकराच्या सुमारास पांढरी काठी घेऊन चालणारे दुसऱ्या मजल्यावरचे काका आले. ‘काय केलंय, दाखवा,’ म्हणाले. मी त्यांचा हात धरून आखणीवरून चालवत नेलं आणि सांगत गेले, इथे फूटपाथ पुढे येईल, इथे रंगीत पट्टा असेल. ते थांबले आणि काठी जमिनीवर फिरवली. ‘रंग मला दिसत नाही आणि काठीलाही लागत नाही. फूटपाथ कुठे संपतो हे मला कडेवरून कळतं. सगळं सपाट आणि सुंदर कराल तर मी गाड्यांमधे चालत जाईन आणि मला पत्ताही लागणार नाही.’ सगळा रस्ता एका पातळीवर आणायची कल्पना माझीच होती. ती तिथेच सोडली. कड राहील, काठीला लागेल अशी राहील.

२० मार्च

चाचणी सुरू. कुंड्या, पाण्याने भरलेले प्लास्टिकचे अडथळे, चमकपट्ट्या. फाटकापाशी दोन्ही कडा आत ओढून रस्ता साडेपाच मीटर केला. गाड्या लावायची बाजू फाटकापाशी बदलली: अलीकडे डावीकडे, पलीकडे उजवीकडे. त्यामुळे वाट आपोआप नागमोडी झाली. रबरी गाद्यांच्या दोन जोड्या. आजींना आता ओलांडायला सात सेकंद लागतात.

२४ मार्च

दुसऱ्या गादीसमोरच्या तळमजल्यावरून तक्रार आली. रात्री मालवाहू गाडी गेली की खिडकीची तावदानं वाजतात आणि बाळ उठतं. मी स्वतः रात्री साडेअकराला तिथे जाऊन बसले. खरं आहे, मालाची गाडी धडामकन उतरते. गादी उद्याच काढायची. कोणाच्या झोपेवर हे काम उभं राहील असं काही ठेवायचं नाही.

३ एप्रिल

आज मागच्या रस्त्यावरचे अकरा जण बैठकीत आले. आले ते चिडूनच. ‘तुमच्या गाड्या आमच्याकडे आल्या. तुमची मुलं मुलं, आमची कोण?’

मी आकडे काढायला लागले आणि थबकले, कारण त्यांच्या रस्त्याचे आकडे आमच्याकडे नव्हतेच. आम्ही चाचणीच्या आधी फक्त आपला रस्ता मोजला होता. पाणी एका बाजूला अडवलं की दुसरीकडे वाहणार हे कोणालाही सुचायला हवं होतं. आता वाढ किती झाली हे कोणीच ठामपणे सांगू शकत नाही आणि ‘तुम्हाला उगाच वाटतंय’ असं म्हणायचा आम्हाला अधिकार नाही. आमच्यातले दोघं तसं म्हणाले, त्यांना थांबवावं लागलं. ही या कामातली आजवरची सगळ्यात मोठी चूक आहे आणि ती माझी आहे, मोजणीचा आराखडा मी केला होता.

रस्त्याची जागा कमी केली की काही वाहतूक नुसती सरकत नाही, नाहीशीही होते. लोक वेळ बदलतात, वाट बदलतात, एखादी फेरी टाळतात. अकरा देशांतल्या सत्तर उदाहरणांचा एक आढावा २००२ मध्ये झाला होता, त्यात निम्म्या ठिकाणी परिसरातली एकूण वाहतूक दहा टक्क्यांहून अधिक घटली होती. पण हे त्या अकरा जणांना सांगून काय उपयोग? त्यांच्या दारात तर ती वाढलेली दिसत होती.

तीन तास बोललो. शेवटी असं ठरलं:

आजपासून दोन्ही रस्ते मिळून एकच परिसर. मोजणीच्या पाळ्या दोन्हीकडे, माणसं मिसळून. त्यांनी आमचा रस्ता मोजायचा, आम्ही त्यांचा.

आरपार जाणाऱ्या गाड्यांचं मूळच काढायचं. दोन्ही रस्त्यांच्या चौकांत कुंड्यांची तिरपी रांग लावायची, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. गाडीला सरळ जाता येत नाही, वळावंच लागतं आणि ती आली त्याच मोठ्या रस्त्याकडे परतते. पायी आणि सायकलने मात्र मधून जाता येतं. अमेरिकेतल्या बर्कली शहरात १९७० च्या दशकापासून असे चौक आहेत. रुग्णवाहिकेसाठी मधे दोन लवचीक खांब, चाक लागलं की आडवे होतात आणि मग पुन्हा उभे राहतात.

याची किंमत आपल्यालाही मोजावी लागणार. रस्त्याच्या या टोकाला राहणाऱ्याला त्या टोकाला गाडीने जायला वळसा पडेल. ते आज मोठ्याने सांगून टाकलं, नंतर कोणी फसवलं म्हणायला नको.

१९ एप्रिल

रात्री जोराचा पाऊस. फाटकापाशी घोट्याएवढं पाणी. कोणीतरी अडथळा वितभर सरकवला होता आणि तो नेमका जाळीवर बसला होता. पाच मिनिटांचं काम, पण निम्मा दिवस फोनवर गेला. प्रत्येक जाळीभोवती लाल रंगाचा चौकोन काढला आहे, त्यात काहीही ठेवायचं नाही.

५ मे

तिरप्या कुंड्या लावून तीन आठवडे झाले. रुग्णवाहिका चालवणाऱ्या एका दादांना बोलावून दोनदा पूर्ण वेगाने फेरी मारायला लावली. खांब सहज आडवे होतात. त्यांनी एक सुचवलं: रात्री खांब लांबून दिसत नाहीत, त्यांच्या डोक्यावर चमकपट्टी लावा. लावली.

मोजणी आमच्या रस्त्यावर: पंच्याऐंशिवा ४६ वरून ३२. रात्री ५३ वरून ३७. मागच्या रस्त्यावर ३४, रात्री ३९. आरपार गाड्या दोन्हीकडे नगण्य. उताराच्या टोकाला, जिथे ना वळण आहे ना कुंडी, तिथे अजून ४४ भेटतात. ते सुटलेलं नाही.

आकडे टांगले त्याच दोरीवर फेब्रुवारीचा नकाशाही टांगला, शेजारी एक कोरा. लगेच कोणी रेघा ओढल्या नाहीत आणि आम्हीही गळ घातली नाही. दोन महिन्यांत ओळखी होत नसतात.

२२ मे

घरोघरी फिरून कौल घेतला. घरटी एक मत. मालक असो वा भाडेकरू, गाडी असो वा नसो. यावर वाद झाला. काहींचं म्हणणं होतं की भाडेकरू उद्या जातील, त्यांना मत कशाला? पण आज रस्ता ओलांडतात ना ते? दोन्ही रस्ते मिळून १३४ घरं. बाजूने ९७, विरोधात २१, बाकी तटस्थ.

एकवीसांकडे मी पुन्हा गेले. बहुतेकांचा राग गाडी लावायच्या गेलेल्या सात जागांचा होता. एका ताईंचं म्हणणं मात्र वेगळं आहे आणि ते इथे नोंदवून ठेवते. त्या दिवसातून तीनदा आईच्या औषधपाण्यासाठी गाडीने जातात, वळशाने दर खेपेला तीन मिनिटं वाढतात. ‘तुमचं सगळं बरोबर आहे, पण माझी नऊ मिनिटं तुम्ही घेतलीत,’ म्हणाल्या. माझ्याकडे याला उत्तर नाही. त्यांच्या इमारतीतल्या दोघांनी एकेक खेप वाटून घ्यायची तयारी दाखवली आहे. ताईंनी अजून हो म्हटलेलं नाही.

३० जून

प्रस्ताव दाखल. आराखडा, आकडे, १३४ घरांचा कौल, कचऱ्याच्या गाडीच्या चाकांचे फोटो.

११ ऑगस्ट

फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर. काही जणांचा धीर सुटतोय. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट शहरातही हे एका वर्षात झालेलं नाही, हे मी सगळ्यांना सांगत राहते. साठच्या दशकाच्या अखेरीस तिथल्या वस्तीत रस्त्याची सरळ रेघ मोडून, झाडं-बाकं लावून गाडीला चालण्याच्या वेगावर आणायला सुरुवात झाली. त्याला ‘वोनर्फ’ म्हणतात, म्हणजे राहत्या घराचं अंगण. देशाच्या कायद्यात त्याला जागा मिळाली ती १९७६ मध्ये. आणि मधे १९७१ साल येऊन गेलं, ज्या एका वर्षात नेदरलँड्समध्ये रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं गेली, त्यात चारशेहून जास्त मुलं. मग पालक रस्त्यावर उतरले. आमच्याकडे एक सायकल गेली. तेवढ्यावरच आम्हाला हे पुरं करायचं आहे.

कुंड्यांना पाणी घालायच्या पाळ्यांत तीन नावं कमी झाली आहेत. नवी हवीत.

२ सप्टेंबर

मंजुरी. चौकाचे चार कोपरे, फाटकासमोर फूटपाथच्या जवळपास पातळीला आणलेला ओलांडपट्टा, दोन्ही चौकांत तिरप्या पक्क्या कुंड्या. उताराच्या टोकाचं काम पुढच्या टप्प्यात ढकललं आहे. त्याची तारीख लेखी मागितली आहे.

१९ सप्टेंबर

कोपऱ्याचं काम सुरू झालं. सकाळी नऊला पाहिलं तर कडेचे दगड आमच्या आखणीपेक्षा जवळजवळ हातभर बाहेर लावत होते, म्हणजे वळण पुन्हा सैल. मुकादमाकडे जुना नकाशा होता. काम थांबवायला सांगितलं, टेप आणला आणि त्यांच्यासमोर मापं घेतली. आठवीच्या त्या दोघी, आता नववीत गेल्यात, टेपचं दुसरं टोक धरून उभ्या होत्या. मुकादमांनी कुरकुर केली नाही, आठ दगड उचकटून पुन्हा बसवले. दुपारपर्यंत कोपरा फक्कीच्या रेघेवर आला, कचऱ्याच्या गाडीच्या चालकदादांनी आखून दिलेल्या.

ओलांडपट्ट्याची कड किती ठेवायची हे नकाशात स्पष्ट नव्हतं. चाकाच्या खुर्चीसाठी मधला भाग उतरता हवा आणि काठीसाठी कड हवी. उताराच्या तोंडाशी उठावदार फरश्या बसवायच्या, दोन्ही बाजूंना कड तशीच ठेवायची, असं जागेवर ठरलं. सिमेंट ओलं होतं तेव्हाच दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना खाली बोलावलं. कामगारांनी फळी टाकून दिली. काका फळीवर उभे राहिले, काठी हळूहळू डावीकडून उजवीकडे नेली. दगडाला टक्. फरशीवर खरखर. पुन्हा दगडाला टक्.

‘इथून उतरायचं,’ ते म्हणाले, आणि काठीचं टोक नेमकं फरशीवर टेकवलं.